पोलीस ठाण्यात त्या रात्री बाकीचे कुठे होते?

शेवगावकर (धागाकर्ता)

जून २०२० मध्ये तमिळनाडूत सातानकुळमच्या ठाण्यात जयराज आणि बेनिक्स या बापलेकांना रात्रभर मारलं गेलं आणि चार दिवसांच्या आत दोघेही गेले. लॉकडाउनमध्ये मोबाइलचं दुकान वेळेनंतर उघडं ठेवल्याचं निमित्त होतं. मारणाऱ्यांची नावं तेव्हा सगळ्या पेपरांत आली. मला मात्र अजून आठवते ती त्याच ठाण्यातली हेड कॉन्स्टेबल रेवती.

कोविलपट्टीचे न्यायदंडाधिकारी चौकशीसाठी ठाण्यात पोचले, तेव्हा सीसीटीव्हीचं चित्रण रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल अशी सोय करून ठेवलेली सापडली. माणसं कागद दाखवेनात. एक शिपाई तर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने अर्वाच्य बोलला. अशा ठिकाणी बसून रेवतीने सांगितलं की रात्रभर मारहाण झाली, लाठ्यांना आणि टेबलाला रक्त लागलंय, आणि ते पुसायच्या आत ताब्यात घ्या. बाहेर सहकारी घोळका करून उभे होते. जबाबावर सही करायला ती कचरत होती. शेवटी केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ते ठाणंच महसूल खात्याच्या ताब्यात द्यायला लावलं. पुढे सीबीआयने नऊ पोलिसांवर आरोपपत्र दाखल केलं.

ठाण्यात रात्रपाळीला ठाणे अंमलदार असतो, वायरलेसवर एक जण असतो, लॉकअप गार्ड असतो, डीबीची (गुन्हे शोध पथकाची) पोरं येऊन-जाऊन असतात, गाडीचा ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत असतो. ओरडणं सगळ्यांना ऐकू जातं. मग बोलणारी एकच का निघते? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये श्यामसुंदर त्रिवेदी प्रकरणात हे स्पष्ट लिहून ठेवलंय की कोठडीतल्या मारहाणीला प्रत्यक्ष साक्षीदार मिळत नाही, कारण बंधुभावापोटी पोलीस गप्प राहतात आणि सहकाऱ्याला वाचवायला बऱ्याचदा खरं ते वाकवतातही. त्याला तीस वर्षं होऊन गेली.

'पोलीस वाईट' की 'पोलीस बिचारे' यावर हजार धागे झालेत, तो दळण नको. मारणाऱ्याचा हात धरायला शेजारचा पुढे का येत नाही, आणि आला तर त्याचं काय होतं, एवढ्यावरच बोलू.

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लाल_दिवा कुठे आहेत?

लाल_दिवा

आहे, आहे. माझा चुलतभाऊ खात्यात आहे, त्यामुळे थोडं माहीत आहे. तुमच्या घरी चोरी झाली की तुम्हीच ठाण्यात जाऊन म्हणता, 'साहेब, कामवालीच्या पोराला घ्या आणि दोन ठेवून द्या, पटकन बोलेल.' नगरसेवकाचा फोन लावता. आठ दिवसांत दागिने मिळाले नाहीत की पेपरात बातमी. तपासाला माणूस नाही, गाडीत डिझेल नाही, वर गणपती, नवरात्र आणि निवडणुकीचा बंदोबस्त. त्यातून रिकव्हरी, म्हणजे चोरीचा माल, काढायची कशी? बदलापूरच्या आरोपीला गाडीत गोळी लागली तेव्हा पेढे कोणी वाटले? 'बदला पुरा'चे बॅनर कोणी लावले? आपणच ना? मग शेजारचा हवालदार हात धरायला कशाला जाईल? लोकांना जे हवंय तेच तिथे चाललंय.

शेवगावकर

पेढ्यांचं मान्य. पण त्याच प्रकरणात माझा प्रश्न सर्वात ठळक दिसतो. २३ सप्टेंबर २०२४ ला तळोजा कारागृहातून निघालेल्या त्या गाडीत अक्षय शिंदे आणि पाच पोलीस, त्यातला एक ड्रायव्हर. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या पाचही जणांना जबाबदार धरलं आणि बळाचा वापर समर्थनीय नव्हता असं म्हटलं. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने एसआयटी (विशेष तपास पथक) नेमायला सांगितलं. खरंखोटं न्यायालय ठरवेल. माझं म्हणणं एवढंच की बंद गाडीत सहा माणसं होती, त्यातला एक मेला आणि उरलेल्या पाचांपैकी कोणी वेगळं काही बोलल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आणि तारखेचा योग बघा. चकमकीनंतर तपास स्वतंत्र यंत्रणेने किंवा निदान दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, हे सांगणारा पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा. बरोब्बर दहा वर्षं.

अ‍ॅड_मुक्ता

नागपुरातून लिहितेय. फौजदारी वकिली करते, त्यामुळे थोडं कलमांचं बोलते.

'मी मारलं नाही, मी फक्त तिथे होतो' हा बचाव लोकांना वाटतो तितका भक्कम नाही. जे करणं कायद्याने बंधनकारक आहे ते मुद्दाम न करून गुन्ह्याला मदत करणं म्हणजे अपप्रेरणाच. जुन्या पीनल कोडमध्ये हे कलम १०७ होतं, आता न्याय संहितेत ४५. त्यावरच्या जुन्या टीकाग्रंथांत ब्रिटिश काळातलं एक उदाहरण हमखास येतं. कबुलीसाठी माणसांचा छळ होणार हे माहीत असलेला हेड कॉन्स्टेबल त्या वेळी मुद्दाम तिथून दूर राहिला. न्यायालयाने त्यालाही दोषी धरलं. म्हणजे 'साहेब राउंडला गेले होते' ही युक्ती दीडशे वर्षं जुनी आहे आणि कायद्याला ती तेव्हाच कळली होती.

कबुलीसाठी किंवा चोरीचा माल काढण्यासाठी मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आधी ३३०, ३३१, आता संहितेत १२०. आमच्या नागपूरचंच १९९३ चं प्रकरण घ्या. दरोड्याच्या तपासात उचललेला माणूस कोठडीत मेला. खुनाचं कलम टिकलं नाही, ३३० टिकलं, शिक्षा तीन वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षं केली, पण २०१८ मध्ये. पंचवीस वर्षं! तोवर काही आरोपी नोकरी संपवून घरी बसले असतील.

लाल_दिवा यांच्या रिकव्हरीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात शून्य, पण त्या कबुलीतून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून सगळा जोर 'काढून दे' यावर. कायद्याने कबुलीचं दार लावलं आणि ही खिडकी उघडी ठेवली.

निवृत्त_मेजर

मी खात्यातून रिटायर झालेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, एएसआय म्हणून सुटलो. नाव-गाव विचारू नका. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

वकीलताई म्हणतात ते कायद्यात असेल. ठाण्यात कायदा खुर्चीवर बसलेला असतो. समोर साहेब मारतोय आणि मी हवालदार जाऊन म्हणू, 'साहेब, हे कलम अमुकमध्ये बसतं'? दुसऱ्या दिवशी मी कंट्रोलला जमा. मग मुख्यालय, मग अशा ठिकाणी बदली की पोरांची शाळा सुटावी. विभागीय चौकशी लावायला कारण लागत नाही, टोपी नव्हती एवढंही पुरतं. आम्हाला युनियन नाही. १९६६ च्या कायद्यानं ती सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही. गिरणी कामगाराला होती, एसटीवाल्याला आहे, आम्हाला ओआरमध्ये (ऑर्डर्ली रूममध्ये) साहेबासमोर सावधान उभं राहून गाऱ्हाणं सांगायचं. कोणाचं? त्याच साहेबाचं किंवा त्याच्या बॅचमेटचं.

पण 'कोणी थांबवत नाही' हे खोटं आहे. जुने हवालदार थांबवायचे. कसं? आत जाऊन सांगायचं, 'साहेब, एसपी साहेबांचा फोन आहे.' फोन नसायचाच. साहेब बाहेर यायचा, फोन कट झाला म्हणायचं, तोवर चहा आणलेला असायचा. 'साहेब, दोन मिनिटं बसा, मी बोलतो त्याच्याशी.' माणूस दमलेला असतो, चहाला बसतो, राग उतरतो. मी स्वतः केलंय हे. मोटारसायकल चोरीतला पोरगा होता, मिसरूड फुटलेलं. साहेब नवीन, वरून डिटेक्शनचा तगादा. पट्टा हातात घेतला की थांबेना. घरून बाईसाहेबांचा फोन आहे म्हटलं. थांबला. पोरगा जगला. पुढे साहेबाला कळलं मी थाप मारली ते. काही बोलला नाही, पण नंतर रात्री आत कोणाला घेतलं की मला आधी नाकाबंदीला पाठवायचा.

खडूस_आजोबा

मेजर, तुम्हाला सलाम. बाकी वर जी कलमांची जंत्री झाली ती रोचक आहे, पण या एका प्रतिसादापुढे फिकी.

शेवगावकर

मेजर, लिहिलंत त्याबद्दल आभार. पण एक टोचतंय ते विचारतो, राग मानू नका. त्या पोराच्या अंगावरचे वळ कागदावर कुठे आले? स्टेशन डायरीत? वैद्यकीय तपासणीत? तुमच्या थापेने पोरगा वाचला तसा साहेबही वाचला. तो पुढच्या ठाण्यात गेला, तिथे थाप मारणारा हवालदार असेल-नसेल.

निवृत्त_मेजर

राग कसला. कागदावर काही नाही. डायरी ठाणे अंमलदार लिहितो आणि साहेब तपासतो, तर तो काय लिहिणार? 'अमुक वाजता साहेबांनी आरोपीस मारहाण केली' असं? आरोपीला आत घेतल्याचीच नोंद नसते कधी कधी, सकाळी अटक दाखवायची म्हणून. रात्रभर तो माणूस कागदावर ठाण्यात नसतोच. जो नाहीच त्याला मारलं कोणी?

तुमचं म्हणणं कळतंय. साहेब पुढे गेला. मोठा झाला.

पोलीस_लाइन

मेजरकाकांचं वाचून लिहायचं धाडस करतेय. माझे बाबा हवालदार होते. विदर्भातल्या एका ठाण्यात मारहाणीची विभागीय चौकशी लागली, तेव्हा बाबांनी पाहिलं ते सांगितलं. बाकीच्यांनी 'मी टपाल घेऊन गेलो होतो', 'मी बारनिशीला (आवक-जावक टपालाच्या कामाला) होतो' वगैरे.

बदली झाली ते एक. पण आम्ही लाइनमध्ये राहायचो, दोन खोल्यांची क्वार्टर, एकाच नळाला पाणी. आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. शेजारच्या काकू, ज्यांच्याकडे मी शाळेतून आले की जेवायचे, त्या दार लावून घ्यायला लागल्या. त्यांच्या नवऱ्याची वेतनवाढ रोखली होती ना बाबांच्या जबाबामुळे. त्यांच्याही घरात पोरंबाळं होती, त्यांना तरी काय म्हणू? बाबा घरात याबद्दल कधीच बोलले नाहीत. 'खोटं सांगितलं असतं तर झोप लागली नसती' असलं काही ते म्हणाले नाहीत, सिनेमात म्हणतात तसं. त्यांना झोप तशीही लागायची नाही, शिफ्टच तशा.

शेवगावकर, तुम्ही विचारलंत बोलला तर काय होतं. हे होतं.

लाल_दिवा

ताई, हे वाईटच. भावाकडून असलं ऐकलंय, वेगळ्या बाबतीत. पण बघा, यात मारणाऱ्यापेक्षा लाइनमधल्या बायकांचा दोष जास्त दिसतो मला. :-)

पोलीस_लाइन

नाही दादा. त्या बायकांना ते घर कोणाच्या सहीने मिळालं होतं ते विचारा.

मिनेसोटाकर

मिनियापोलिसजवळ राहतो, म्हणून इकडचं थोडं. जॉर्ज फ्लॉइड, २५ मे २०२०. डेरेक शॉविन या पोलिसाचा गुडघा मानेवर ९ मिनिटं २९ सेकंद, हे सगळ्या जगाला माहीत आहे. शेजारी तिघे पोलीस होते, थाओ, लेन आणि केंग. त्यातले लेन आणि केंग अगदी नवखे, आणि केंगचा प्रशिक्षक खुद्द शॉविन. लेनने 'याला कुशीवर वळवू या का?' असं विचारलं होतं. शॉविनने नाही म्हटलं आणि विषय संपला.

गंमत म्हणजे 'सहकारी जास्त बळ वापरत असेल तर मध्ये पडणं बंधनकारक' हा नियम मिनियापोलिस पोलिसांत २०१६ पासूनच होता. कागदावर. सिनियरसमोर कनिष्ठाच्या तोंडून जे निघालं ते प्रश्नचिन्ह लावून निघालं. मेजरकाका निदान खोट्या फोनचा बहाणा करायचे!

पण नियम अगदी फुकट गेला नाही. २०२२ मध्ये फेडरल ज्युरीने तिघांनाही दोषी ठरवलं. थाओ आणि केंगला मध्ये न पडल्याबद्दलसुद्धा, लेनला वैद्यकीय मदत न दिल्याबद्दल. अडीच ते साडेतीन वर्षं शिक्षा. आणि शॉविनच्या खटल्यात खुद्द पोलीस प्रमुख त्याच्या विरोधात साक्षीला उभे राहिले, दलातला सर्वात जुना अधिकारीही. पण त्याआधी काय घडलं तेही सांगतो. पोलिसांच्या पहिल्या पत्रकात 'पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटनेत इसमाचा मृत्यू' अशा अर्थाचं काहीतरी होतं. सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रण केलं नसतं तर बहुधा तेच राहिलं असतं.

बफेलोची कॅरिओल हॉर्नही शोधून वाचा. २००६ मध्ये बेड्या घातलेल्या माणसाचा गळा आवळणाऱ्या सहकाऱ्याला तिने ओढून बाजूला केलं. २००८ मध्ये तिलाच काढलं, पेन्शन बुडाली. ती परत मिळाली २०२१ मध्ये.

चहाटळ

म्हणजे अमेरिकेतही लाइनमध्ये हळदीकुंकू बंद होतं तर.

लाल_दिवा

अमेरिकेचे दाखले आले की धागा संपला असं समजतो मी. तिथे एका आरोपीमागे किती पोलीस, आपल्याकडे किती. शिवाय आपल्याकडे पोलीस पोलिसाला आत टाकत नाही हे चूक आहे. लखनभैया प्रकरण विसरलात?

शेवगावकर

विसरलो नाही, उलट तुम्ही आणलंत ते बरं झालं. ११ नोव्हेंबर २००६, वाशीतून उचललेला माणूस संध्याकाळी वर्सोव्यात 'चकमकीत' मेला. तपास केला पोलिसांच्याच एसआयटीने, डीसीपी प्रसन्ना प्रमुख, आणि तो तपास टिकला. २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप. तेव्हा सुटलेल्या प्रदीप शर्मांना २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. म्हणजे पोलीस पोलिसाचा तपास नीट करू शकतो, हे मान्यच.

पण ती एसआयटी नेमली उच्च न्यायालयाने, मृताचा भाऊ स्वतः वकील होता म्हणून. खात्याला आपणहून जाग आली नव्हती. ज्याला सोबत उचललं तो मुख्य साक्षीदार अनिल भेडा २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर गायब झाला आणि त्याचा खून झाला. २०१५ मध्ये राज्य सरकारनेच शिक्षा झालेल्या ११ जणांची शिक्षा सहा महिने स्थगित करून टाकली, तीही उच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. एवढ्या सगळ्यातून एक प्रकरण तडीस गेलं. रेवतीसारख्या हेड कॉन्स्टेबलने हे बघून काय ठरवावं?

अ‍ॅड_मुक्ता

आणि ठरवलंच तर तिच्या हातात काय आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालाने २००६ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणं सांगितली, महाराष्ट्राने त्यासाठी कायदा बदलला २०१४ मध्ये. त्याच साली जागल्यांच्या (आतले गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा केंद्रीय कायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो लागू करण्याची अधिसूचना काढायची तेवढी राहून गेली. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून नाही. एक चांगलं सांगते: नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (२१८) खटल्याच्या परवानगीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी दिली असं धरायचं. पूर्वी फाइल वर्षानुवर्षं कोणाच्या तरी टेबलावर असायची.

माझा अनुभव असा की कनिष्ठ पोलीस न्यायालयात फुटतो तो स्वतः आरोपी झाल्यावरच. साक्षीदार म्हणून येतो तेव्हा त्याला काही आठवत नाही. शिपायाला आत घेतलं, साहेब बाहेर राहिले, की सहा महिन्यांत त्याला सगळं आठवायला लागतं. म्हणून मी तर म्हणते, त्या रात्री ड्युटीवर असलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून आरोपी करा. मग फोन आपोआप वाजतील, खरे.

निवृत्त_मेजर

ताई, असं करू नका. सगळ्यांना आरोपी केलं की सगळे एक होतात. आज निदान एखादा आतून हळहळतो, तो पण त्यांच्यात जाईल. वायरलेसवर बसलेली पोरगी, भरती होऊन वर्ष नाही झालं, तिला काय म्हणून? तिला एक नंबर द्या, जिल्ह्याबाहेरचा, ठाण्यातून न फिरणारा. जिल्हा न्यायाधीशांच्या ऑफिसचा द्या. तिनं नुसतं 'आत माणूस आहे, नोंद नाही' एवढं सांगावं आणि तासाभरात कोणीतरी दारात उभं राहावं. तिचं नाव कुठे येऊ नये. मारहाण सिद्ध करा म्हणत नाही मी. नुसतं कोणीतरी आलं तरी पट्टा खाली ठेवतात, मी बघितलंय.

अ‍ॅड_मुक्ता

मेजर, नाव न सांगता आलेली माहिती न्यायालयात टिकणार नाही.

निवृत्त_मेजर

टिकू नका देऊ. माणूस टिकेल.

व्यवस्थापक

मधले दोन प्रतिसाद काढले आहेत. चालू प्रकरणांतल्या खासगी व्यक्तींची नावं आणि फोन नंबर टाकू नयेत. जातीवरून शेरेबाजी केल्यास सदस्यत्व गोठवलं जाईल.

ग्रामीण_रुग्णालय

बराच वेळ नुसतीच वाचत होते. मी सरकारी डॉक्टर. सातानकुळमचं निघालं म्हणून आठवण करून देते, त्या दोघांना कोठडीत पाठवण्याआधी सरकारी डॉक्टरने 'फिट' लिहून दिलं होतं आणि दंडाधिकाऱ्यांनी नीट न बघता रिमांड दिला होता. तेव्हा शेजारी उभे असलेल्यांच्या यादीत आम्हालाही धरा.

आमच्याकडे रात्री अडीचला गाडी येते. आरोपी, दोन शिपाई, हातात छापील फॉर्म. 'मॅडम, सही करा, कोर्टात लवकर न्यायचंय.' आरोपीला विचारलं लागलंय का, तर तो आधी शिपायाकडे बघतो. मी शिपायाला बाहेर उभं राहायला सांगते. बहुतेक वेळा जातो. कुरकुरतो, पण जातो. पाठ आणि तळवे बघते, जे दिसेल ते मोजमापासकट लिहिते. प्रत आरोपीला किंवा त्याच्या माणसाला द्यायची असते, नागरिक सुरक्षा संहितेत तसं आहे, पण मागत कोणी नाही.

एकदा अशीच नोंद लिहीत असताना बाहेर उभा असलेला शिपाई दारातून हळूच म्हणाला, 'मॅडम, उजव्या पायाचा तळवा पण बघा.' आणि लगेच व्हरांड्यात गेला.

लाल_दिवा

मॅडम, ती प्रत मागायची कोणाकडे, तुमच्याकडे की ठाण्यात? भावाला नाही, दुसऱ्या एकाला लागतेय.

ग्रामीण_रुग्णालय

आमच्याकडे. ठाण्यात जाऊ नका. तपासणीची तारीख आणि साधारण वेळ सांगा, एमएलसी (पोलीस प्रकरणांच्या) रजिस्टरवरून सापडतं. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.